प्रमाणपुरुष आणि बिटाचा दोष

१४ ऑक्टोबर, शनिवार

प्रयोगशाळेच्या वहीत घरच्या गोष्टी लिहायच्या नाहीत हा नियम मीच केलेला आहे, म्हणून ही वेगळी वही. पानांवर आकडे मी स्वतः घातले. एकशे ब्याण्णव पानं. छापील आकड्यांवर माझा विश्वास नाही.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लघवी गुलाबी झाली. गुलाबी म्हणजे नेमकी कितपत, हे बघायला टॉर्च आणायला गेलो, तेवढ्यात लेस्या आत गेली.

"ओरेस्ट, हे काय आहे?"

"बीट."

"कुठलं बीट? या आठवड्यात मी घरात बीट आणलेलंच नाही."

"मंगळवारी स्तेफाकडे खाल्लं होतं."

"आज शनिवार आहे."

"माझं पचन सावकाश आहे."

"एकतीस वर्षं संसार केला तुझ्याबरोबर. सावकाश असं तुझं काहीही नाही. डॉक्टरकडे जा."

मी घड्याळ पाहिलं. सात बारा. सकाळच्या प्रहरी वाद घालायला दोन मिनिटं पुरेशी असतात. बिटाने लघवी लाल होणं हा आमच्या बोयचुक घराण्याचा गुण आहे. डॉफिनच्या शेतावर वडिलांना व्हायची, आजोबांना व्हायची, आणि दोघांनीही त्याबद्दल कधी डॉक्टरचा उंबरठा झिजवला नाही. दर दहा माणसांत एखाद्याला असं होतं, हे मी स्वतः वाचून काढलेलं आहे. स्तेफा माझी सख्खी बहीण. तिच्या सिरक्यातल्या बिटाची बरणी म्हणजे रंगाचा डबाच असतो.

संध्याकाळी गराजमध्ये स्नो-ब्लोअर तपासला. बर्फ अजून पडलेलं नाही, पण यंत्र तयार असायला हवं. पंधरा मिनिटं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

प्रयोगशाळेत एम-१ ची शेवटची बाटली उघडली.

एम-१ म्हणजे मी. विनिपेगभर हिंडलात तरी असा दुसरा माणूस मिळायचा नाही. डॉक्टर थॉर्लाक्सन यांनी एकोणीस वर्षांपूर्वी ही प्रयोगशाळा थाटली, तेव्हा मी इथे बाटल्या धुवायला लागलो. त्याआधी कापणीयंत्रं दुरुस्त करायचो. सूक्ष्मदर्शक बिघडला, कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी येतो म्हणाला, आणि मी तो जेवणाच्या सुट्टीत दुरुस्त केला. तेव्हापासून इथली सगळी यंत्रं माझ्या हाताखाली आहेत. पदवी नाही. लागली नाही.

इथे पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर काम चालतं. एका टेबलावर शुक्राणू तयार न होणाऱ्या पुरुषांचे नमुने, दुसऱ्यावर कर्करोगाचे. कुणाच्या पेशीत वायचा किती भाग जागेवर आहे हे मोजायचं, तर शेजारी एक निर्दोष, संपूर्ण पुरुष लागतो. तो पहिल्या दिवसापासून मी. माझं रक्त यंत्रात घातलं की आकडा १.०० यायला हवा. मग बाकीच्यांचा माझ्यावरून ठरतो. अठ्ठावीस शोधनिबंधांत 'निरोगी पुरुष, प्रमाण नमुना' असं छापलं आहे. नाव छापत नाहीत, पण लेस्याला मी प्रत्येक वेळी दाखवतो.

साठा संपल्यामुळे आज नवं रक्त दिलं. फॉर्म भरला. धूम्रपान: नाही, २०११ पासून.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

नवा एम-१ यंत्रात घातला. आकडा ०.७८.

पुन्हा घातला. ०.७८. नळ्या बदलल्या, ०.७७. हे पाप नक्की कुणाचं तरी आहे. शंभरातल्या बावीस पेशींना वायच नाही असा त्याचा अर्थ होतो, म्हणजे माझ्या नळीत कुण्या बाईचं रक्त मिसळलेलं आहे. त्या दिवशी टेबलावर मारिसोल होती. ती पीएच.डी. आहे, पण नळीवरची पट्टी तिरकी चिकटवते.

"मारिसोल, बोटं दाखव."

"टिटो ओरेस्ट, आता काय केलं मी?" तिच्या फिलिपिनो घरात वडीलधाऱ्यांना टिटो म्हणतात. एरवी बरं वाटतं.

"कापलंय का कुठे?"

"तुमच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त सांडायचं तर मला बोट नाही, हात कापून घ्यावा लागेल. आणि तुम्ही त्याचा डाग पुसायला लावला असता."

मुद्दा बिनतोड होता. तरीही मी हिरव्या वहीत नोंद केली. हिरवी वही म्हणजे चुकांची वही, माझीच कल्पना. पाच रकाने: कधी चुकलं, काय चुकलं, का चुकलं, पुढे काय केलं, आणि चूक कुणाच्या लक्षात आली. मारिसोलच्या सतरा नोंदी आहेत. खुद्द डॉक्टरांच्या चार. माझी एकही नाही. शेवटच्या रकान्यात मात्र बहुतेक ठिकाणी माझं नाव आहे.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

डीएनएची ओळखचाचणी केली. दुसऱ्या कुणाचं रक्त थेंबभर जरी असतं तरी खुणा दुहेरी आल्या असत्या. आल्या नाहीत. त्या नळीत मी एकटाच आहे.

मारिसोलची नोंद खोडली. खोडताना सरळ एक रेघ, बाजूला सही आणि तारीख. ती शेजारी उभी राहून बघत होती. केक आणला होता तिने, जांभळ्या कंदाचा. मला मोठा तुकडा दिला, म्हणजे माफ केलं असावं.

७ नोव्हेंबर, मंगळवार

गोठणपेटीच्या तळाशी माझ्या जुन्या रक्ताच्या नळ्या सापडल्या. माझं लेबल असल्यामुळेच सापडल्या. आताचं धरून चार वयांचं रक्त एकाच दिवशी, एकाच यंत्रात घातलं. अडतिसाव्या वर्षीचं १.००. चव्वेचाळिसाव्याचं ०.९७. पन्नाशीचं ०.९०. आताचं, सत्तावन्नाव्याचं, ०.७८. आलेख काढला. इतका सुबक उतार मी प्रयोगशाळेत क्वचितच पाहिला आहे.

डॉक्टर थॉर्लाक्सन गिमलीच्या आइसलँडी घराण्यातल्या. त्यांना वाक्यं मोजून वापरायची सवय आहे.

"यंत्र बरोबर आहे, ओरेस्ट. तुम्हीच लावलंय."

"मग नळी."

"नळ्याही तुमच्याच."

"मग चूक कुठे आहे?"

"चूक नाही. वय आहे." त्यांनी आलेख खिडकीकडे धरला. "रक्तपेशी दोन होताना कधीकधी वाय मागे राहून जातो. आखूडसा, कुणाच्या लक्षातही येत नाही. पेशी त्याच्यावाचूनही जगते. उतारवयातल्या पुष्कळ पुरुषांत सापडतं. सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त."

"मी ओढत नाही."

"फॉर्मवर तसं आहे खरं," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर स्नो-ब्लोअर. वीस मिनिटं.

८ नोव्हेंबर, बुधवार

लेस्याला समजावून सांगितलं. तिला यंत्रांचं वावडं आहे, म्हणून कापणीयंत्राचा दाखला घेतला. म्हटलं, वाय म्हणजे सीटखालची हत्यारांची पेटी. लहानशी. त्यातली बहुतेक हत्यारं एकाच कामाची, शुक्राणू घडवायची. म्हणून सगळे इतकी वर्षं म्हणत आले की कारखान्याबाहेर, म्हणजे रक्तात किंवा मूत्राशयात, ती पेटी गळून पडली तरी यंत्र चालतंच. पण आता दिसतंय की त्याच पेटीत ब्रेकचे दोन-तीन स्क्रूही होते. पेशीची वाढ आवरणारी जनुकं. पेटी गेली की तेही जातात.

"म्हणजे तू ब्रेकशिवाय चाललायस."

"शंभरात बावीस पेशी. आणि रक्तातल्या. शुक्राणूंचा कारखाना वेगळा, तिथे सगळं ठीक असणार."

"आता ठीक असून करायचंय काय?" ती पिठाच्या पारीत बटाटा भरून पेरोगी दुमडत होती. "आपल्याला एक मुलगी. कात्याला तू वाय दिलाच नाहीस. सत्तावन्न वर्षं ती पेटी नुसती घेऊन हिंडलास."

"लेस्या, मी प्रमाणपुरुष आहे."

"बावीस टक्के बाई झालायस. बायका डॉक्टरकडे जातात. तेवढं तरी कर."

१९ नोव्हेंबर, रविवार

दोनदा पुन्हा लाल. दोन्ही वेळा आदल्या दिवशी बोर्श्ट, म्हणजे आमचं बिटाचं सूप, होतं. लेस्याची भुणभुण थांबत नाही, तेव्हा रीतसर प्रयोग केला: बुधवार ते रविवार, पाच दिवस, बीट बंद. पाचही दिवस स्वच्छ पिवळी. बीट बंद, रंग बंद. निष्कर्ष सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट.

"बीट खाऊनसुद्धा पाच-पाच दिवस स्वच्छ असते की," लेस्या म्हणाली. "मागच्या महिन्यात होतीच."

तिला प्रयोगाचं शास्त्र कळत नाही. मी विषय वाढवला नाही.

२ डिसेंबर, शनिवार

आज आश्चर्य. लेस्याने आपणहून प्रयोगशाळेबद्दल विचारलं. मी मागे बोलता बोलता अंध-चाचणी असा शब्द वापरला होता, तो काय असतो म्हणाली. मी सविस्तर सांगितलं. माणसाला आपण काय खातो आहोत हे ठाऊक असलं की तो त्याला हवं ते बघतो. म्हणून खरं औषध कुठलं आणि खोटं कुठलं हे त्याला कळू द्यायचं नाही. नोंदी मात्र त्यानेच ठेवायच्या, म्हणजे मागाहून त्याला नाही म्हणता येत नाही.

"त्यालाच लिहायला लावायचं," ती म्हणाली.

"त्यालाच."

"आणि तो फार हुशार असला तर?"

"हुशार माणूस जास्त फसतो. त्याची स्वतःवर फार श्रद्धा असते."

एवढ्या लक्षपूर्वक तिने माझं लग्नातलं भाषणही ऐकलं नव्हतं.

७ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टर थॉर्लाक्सन यांनी एम-१ प्रमाण म्हणून बंद केला. नवा प्रमाणपुरुष शोधायचा. म्हणे पंचवीस वर्षांचा घेऊ. मी म्हटलं, पंचविशीतल्या पोराला नळीवर तारीख घालता येत नाही. त्या म्हणाल्या, त्याचं फक्त रक्त हवंय.

मग मला थांबवून म्हणाल्या, "रक्तातला वाय गळणं हा स्वतः रोग नाही. पण अशा पुरुषांत काही रोग थोडे जास्त दिसतात. एकदा तपासून घ्या."

"दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही," मी म्हटलं. हे वाक्य त्यांचंच आहे.

मारिसोल तिथेच होती. "टिटो, लघवीतून रक्त वगैरे?"

"छे. बीट जातं."

तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली. कधीपासून, किती वेळा, दुखतं का, असं विचारत सुटली. दुखत नाही, म्हटलं. दुखत नाही हे ऐकून तिने आणखी तोंड पाडलं. मग अचानक तिला लेस्याची पेरोगीची कृती हवी झाली. घरचा नंबर लिहून घेतला. आजकालच्या मुलींचं मन एका विषयावर टिकत नाही.

गोठणपेटीत माझी नळी आता 'प्रमाण'च्या कप्प्यात नाही. 'रुग्ण आणि इतर'च्या कप्प्यात, ४३ क्रमांकाच्या शेजारी ठेवली आहे. ४३ हा शुक्राणू न होणाऱ्यांपैकी. त्याच्या वायचा एक तुकडा जन्मतःच नाही. त्याच्या नळीकडे बघून मी नेहमी बिचारा म्हणायचो. त्याचा आकडा काढून पाहिला. तो तुकडा सोडला तर बाकी वाय प्रत्येक पेशीत, १.००.

१० डिसेंबर, रविवार

लेस्या फोनवर बराच वेळ पेरोगीची कृती सांगत होती. पीठ, बटाटा, आणि मध्येच "तो फक्त स्वतःच्या वहीवर विश्वास ठेवतो." कृतीत हे कुठे बसतं कळलं नाही.

रात्रीचं जेवण: बोर्श्ट. रंग अप्रतिम.

१४ डिसेंबर, गुरुवार

स्तेफाचा फोन. तिने दिलेली बिटाची पोती लेस्याने परत का पाठवली म्हणून रुसली आहे. मी म्हटलं, तळघरात जागा नसेल. बोर्श्ट तर दर दोन दिवसांनी होतंय, बीट कुठून येतं ते बायकांनी बघावं.

१७ डिसेंबर, रविवार

सकाळी लाल, गडद. काल बोर्श्ट दोन वाट्या. नोंद केली. लेस्याने "नीट लिहिलंस ना? तारीख घातलीस?" असं विचारलं. शेवटी तिला शिस्त लागते आहे.

ओट्यावर केकात घालायच्या लाल रंगाची बाटली दिसली, अर्धी संपलेली. नाताळची बिस्किटं असणार.

२९ डिसेंबर, शुक्रवार

पुन्हा. यावेळी एक गुठळी पण होती, मसुरीएवढी. बीट नीट न चावल्यामुळे. मी लेस्याला म्हटलं की कालचं बोर्श्ट आजवरचं सर्वोत्तम झालं होतं: बिटाची ती मातकट चव गेलीय, काय केलंस? ती म्हणाली, हात बसला. आणि मग सिंककडे तोंड करून बराच वेळ भांडी घासत होती. दवाखाना दोन तारखेला उघडतो, असं का कोण जाणे म्हणाली.

गराज, पंचवीस मिनिटं. उणे एकतीस तापमान. यंत्र गारठू देऊन चालत नाही.

४ जानेवारी, गुरुवार

लाल. काल बोर्श्ट. नोंद.

६ जानेवारी, शनिवार

आज आमच्या जुन्या युक्रेनी पंचांगाप्रमाणे नाताळची पूर्वसंध्या. टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत, बारा पदार्थ, मांस नाही, दूध नाही, आणि नसलेल्या माणसासाठी एक रिकामी ताटली. स्तेफा रुसवा सोडून आली होती. रिकाम्या ताटलीपाशी ऐनवेळी मारिसोल येऊन बसली. लेस्याने बोलावलं होतं. मी म्हटलं, ती जागा मेलेल्यांची असते. लेस्या म्हणाली, मेलेल्यांना वेळ आहे, आज साक्षीदार हवाय.

कुट्या नावाच्या गव्हाच्या गोड खिरीचा पहिला चमचा रिवाजाप्रमाणे मी वर छताकडे फेकला. जितके दाणे चिकटतील तितकं वर्ष बरं. अकरा चिकटले. शिडी आणून मोजले. मग बोर्श्ट आलं. एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"काय झालं?" लेस्या.

"राग मानू नकोस. पण हे मातकट लागतंय. गेल्या चार आठवड्यांचं फार वरचं होतं."

स्तेफाने छातीवर क्रुसाची खूण केली.

"आज त्यात बीट आहे," लेस्या म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे दहा डिसेंबरपासून आज सकाळपर्यंत या घरात बीट नव्हतं. लाल कोबी, टोमॅटो, गाजर आणि केकचा रंग. म्हणून तर स्तेफाची पोती परत गेली."

"मला सांगायचं होतंस की," स्तेफा म्हणाली. "मी चार आठवडे तुला शिव्या घातल्या."

"तुझ्या पोटात काही राहतं का, स्तेफा?" लेस्या म्हणाली आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "वही आण, ओरेस्ट."

वही आणली. मारिसोलने पर्समधून बंद पाकीट काढलं. पाकिटावर दहा डिसेंबरची तारीख, दोघींच्या सह्या, आत एक ओळ: आजपासून बीट नाही. मी माझ्या हाताने लिहिलेलं माझ्याच आवाजात वाचलं. सतरा डिसेंबर, लाल. एकोणतीस, लाल, मसुरीएवढी गुठळी. चार जानेवारी, लाल.

"टिटो," मारिसोल म्हणाली, "मी लेस्या काकूंना पहिल्याच दिवशी म्हटलं की थांबू नका, त्यांना ओढून न्या. त्या म्हणाल्या, ओढून नेला तर दारातून परत येईल. हे वाचल्यावर येणार नाही."

मी खोट शोधली. रंगाने लघवी लाल झाली असेल? तर लेस्या आणि स्वतः मारिसोल, दोघींनी तोच रंग आठवडाभर खाल्ला होता आणि दोघींचीही पिवळीच राहिली होती. तेही लिहून ठेवलं होतं. तिरक्या पट्टीवर.

खोट नव्हती. एकोणीस वर्षांत इतकी नीट बेतलेली चाचणी मी पाहिली नाही. मी तसं म्हणालो. लेस्या रडायला लागली. मी म्हटलं, मी कौतुक करतोय. ती म्हणाली, मला माहितीय, गाढवा, बोर्श्ट पी.

९ जानेवारी, मंगळवार

दवाखाना. लघवीत रक्त आहे, हे यंत्राने तीन मिनिटांत सांगितलं. डॉक्टर लाव्हाले म्हणून सेंट बोनिफेसच्या फ्रेंच बाई. मूत्रविकारांच्या तज्ज्ञ. आतून तपासायला अकरा दिवसांनंतरचा दिवस त्यांनी भांडून मिळवला.

"सिगारेट?"

"नाही. २०११ पासून."

खुर्चीतून लेस्या: "स्नो-ब्लोअर ओढतो. रोज तीन."

डॉक्टरांनी मान वर न करता लिहून घेतलं. इकडे सगळ्यांच्याच नवऱ्यांकडे स्नो-ब्लोअर असतो की काय.

२० जानेवारी, शनिवार

नळीतून कॅमेरा घालून मूत्राशय पाहिलं. कुठून घातला हे लिहीत नाही. मी पडद्यावर बघत होतो. लेन्स स्वच्छ होती, प्रकाश डावीकडे किंचित कमी. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, हलू नका.

आणि मग ती गाठ दिसली. देठावर उभी, रासबेरीसारखी, पाण्यात डुलणारी. सुंदरच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"सेंटिमीटरभर," डॉक्टर म्हणाल्या.

"अकरा मिलिमीटर," मी म्हटलं. नळीची जाडी ठाऊक असली की हिशेब सोपा असतो.

त्यांनी पुन्हा पाहिलं. "अकरा," म्हणाल्या. गाडीची किल्ली मी न मागता लेस्याकडे दिली आणि हीटर शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला. थंडी होती, पण तेवढी नव्हती.

२३ जानेवारी, मंगळवार

काही नाही. गराजमध्ये गेलो, स्नो-ब्लोअरने आवार साफ केलं, परत आलो. आठ मिनिटं. यंत्र इतकं सोपं चालतं हे ठाऊक नव्हतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

काढली. एक तुकडा प्रयोगशाळेला द्यायची परवानगी मी भूल द्यायच्या आधी सही करून दिली. नळीवरचं लेबल स्वतः लिहिलं, सरळ.

भूल उतरल्यावर लेस्याचा हात माझ्या हातात होता. मी विचारलं, नेमकी किती वाजता काढली? ती म्हणाली, झोप.

२० फेब्रुवारी, मंगळवार

निकाल. कर्करोगच. पण वरच्या अस्तरापुरता. स्नायूत शिरलेला नाही. "सहा महिने आणखी बीट खाल्लं असतंत," डॉक्टर लाव्हाले म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. दर तीन महिन्यांनी कॅमेरा, निदान काही वर्षं. हा परत उगवणारा प्रकार आहे, आणि आपलं काम तो लवकर दिसावा एवढंच आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला सरळ सांगितलेलं आवडतं. घरी येऊन दोन वेळा तोंड धुतलं.

२६ फेब्रुवारी, सोमवार

कामावर परत. मारिसोलने गाठीचा आकडा काढून ठेवला होता, पण मी येईपर्यंत मुद्दाम कुणाला दाखवला नव्हता. ०.०६. गाठीत वाय जवळजवळ नाहीच. पेटी पार गेलेली, ब्रेकच्या स्क्रूंसकट. डॉक्टर थॉर्लाक्सन म्हणाल्या, एकाच माणसाच्या रक्ताचे एकोणीस वर्षांचे चार नमुने, शिवाय गाठ, आणि सगळ्यावर तारखा बिनचूक, असं आमच्या कुणाहीकडे नाही. प्रमाण म्हणून एम-१ गेला, पण नमुना म्हणून त्याला तोड नाही, असं म्हणाल्या. त्यांच्या हिशेबाने हे फार लांब वाक्य होतं.

जुन्या फॉर्मवरचं 'नाही' एका रेघेत खोडलं. रोज तीन, २०११ पासून, २० जानेवारीपर्यंत. सही, तारीख.

मग ४३ च्या शेजारची माझी नळी सरळ केली आणि हिरवी वही काढली.

कधी चुकलं: १४ ऑक्टोबर ते ६ जानेवारी.

काय चुकलं: नमुना न तपासता कारण लिहिलं.

का चुकलं: ते कारण घराण्याचं होतं आणि आवडीचं होतं.

पुढे काय केलं: गाठ काढली, ११ मि.मी. सिगारेट बंद. बीट पुन्हा सुरू.

पाचव्या रकान्यापाशी थांबलो. मारिसोल खांद्यावरून बघत होती. लिहिलं: लेस्या बोयचुक, १४ ऑक्टोबर.

"तारखेबरोबर वेळही लिहायची असते का, टिटो?"

"लिहायचीच असते," म्हटलं, आणि या वहीचं पहिलं पान उघडून पडताळून घेतली. सकाळी सात वाजून बारा मिनिटं.